लेथवरची जर्मन

आमच्या हायस्कूलच्या वर्कशॉपच्या सरांइतका विचित्र माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर झाला नाही, आणि त्यांच्याइतकं चोख शिकवणाराही झाला नाही. मी त्या शाळेत एकवीस वर्षं शिपाईण होते. स्वतः चौथी पास. मास्तर लोकांना मी पुस्तकातून ओळखत नाही; वर्ग झाडताना मागे काय निघतं त्यावरून ओळखते. इतरांच्या वर्गात खडूचे तुकडे, कागदाचे बोळे आणि शेंगांची टरफलं निघायची. या सरांच्या वर्कशॉपात फक्त लोखंडाचा कीस निघायचा, तोही पोरांनी आधीच कोपऱ्यात लोटून ठेवलेला.

सर मूळचे सायखेड्याचे. आधी सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथे जर्मनीहून यंत्रं आली आणि ती बसवायला एक गोरा इंजिनिअर आला. त्याला मराठी येईना, यांना जर्मन येईना, आणि यंत्र तर बसवायचं. आठ महिने दोघं एकाच यंत्राखाली पाठीवर पडून राहिले. इंजिनिअर परत गेला तेव्हा यंत्राचं जाडजूड पुस्तक आणि त्यातली सगळी भाषा सरांकडे राहिली. रेल्वेने मनमाडच्या पुढे कधी न गेलेला हा माणूस मग आमच्या शाळेत आला, आणि आठवी ते दहावीच्या पोरांना आठवडाभर फिटिंग आणि दर शनिवारी जर्मन शिकवायला लागला. फळा नाही, बाक नाहीत. लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, चालवायचं, आणि जिथे हात जाईल तिथला शब्द तोंडाने म्हणायचा.

त्यांच्या खिशात पेनाऐवजी गुण्या असायचा. कोपरा काटकोनात आहे का ते बघायचं लोखंडी हत्यार. दिसेल त्या वस्तूला ते गुण्या लावत. हेडसरांचं टेबल, झेंड्याचा खांब, माझी पाण्याच्या माठाची तिवई. हेडसरांच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू होणार एवढ्यात सरांनी पाटाला गुण्या लावला आणि नवरदेवाला म्हणाले, "जरा खाली उतरा, तुम्ही तिरके आहात." नवरदेव बिचारा उतरला! कौतुक करायचं तर त्यांच्याकडे एकच शब्द. पोराने कानशीने घासलेला तुकडा गुण्याला भिडवून ते खिडकीसमोर धरत. फटीतून प्रकाश दिसला की तुकडा परत. दिसला नाही तर म्हणत, "चालेल." त्या एका शब्दासाठी पोरं महिना महिना घासत बसत, हाताला फोड येईपर्यंत.

माझी शोभा त्याच शाळेत आठवीत गेली. मुलींना तेव्हा शिवणकाम असायचं. ही सरळ वर्कशॉपाच्या दारात जाऊन उभी राहिली. हेडसर म्हणाले, "अहो, मुलगी आहे ती." सर म्हणाले, "कानशीला हात कळतो, कुणाचा ते कळत नाही." मी मध्ये पडले. म्हटलं, "सर, पोरीचं बोट गेलं तर तिच्याशी लग्न कोण करील?" सरांनी दोन्ही पंजे माझ्यापुढे धरले. "मावशी, माझी दहाच्या दहा शाबूत आहेत. माझ्याशी कुठे कुणी लग्न केलं?" शोभा वर्कशॉपात गेली.

वर्षभरात आमच्या खोलीत जर्मन शिरली. यंत्राच्या पुस्तकात पानोपानी 'आख्तुंग' छापलेलं, म्हणजे सावधान. त्यामुळे सरांची सगळी पोरं आधी आख्तुंग म्हणायची आणि मग बोलायची. "आई, आख्तुंग, दूध उतू चाललंय." शेजारीण विचारायची, "ही काय गं म्हणते?" मी सांगायचे, "अभ्यास करते."

आणीबाणी उठल्यानंतरची गोष्ट. शोभा दहावीत होती. शिक्षण खात्याचं पत्र आलं की या शिक्षकाकडे जर्मन शिकवण्याचं प्रमाणपत्र नाही, तेव्हा मुलांची तपासणी होईल आणि वर्ग ठेवायचा की बंद करायचा ते ठरेल. माझ्यासाठी ही साधी गोष्ट नव्हती. सातपूरच्या त्या कारखान्याने कळवलं होतं की शाळेचा जर्मनचा दाखला असलेली दोन मुलं शिकाऊ म्हणून घेऊ. वर्ग बंद म्हणजे दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणजे माझ्या पोरीच्या हातातही झाडूच. त्या आठवड्यात मी एकच वर्ग दोनदोनदा झाडला. सर मात्र लेथला तेल घालत होते.

खात्याचे साहेब आले, आणि बरोबर पुण्याच्या एक प्राध्यापकबाई. तपासणी दहावीच्या वर्गात होती, मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते. बाईंनी पहिल्या पोराला जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. त्याने ताठ उभं राहून खणखणीत उत्तर दिलं. बाईंच्या भुवया वर गेल्या. दुसऱ्याला विचारलं, त्यानेही खणखणीत. बाई साहेबांकडे वळल्या. "मी याला नाव विचारलं, तर म्हणतो, यंत्र चालू असताना आत हात घालू नये. त्याला विचारलं, घरी कोण कोण असतं? म्हणे, तेल दर आठ तासांनी तपासावे."

साहेब खो खो हसले. बाईंनी पेन मिटलं. "ही भाषा नव्हे, पाठांतर आहे. वर्ग बंद केलेला बरा."

सरांनी खिशातला गुण्या काढून पुसायला घेतला. यंत्राबद्दल तासभर बोलणारा माणूस, स्वतःबद्दल एक शब्द बोलेना. मग मीच ट्रे खाली ठेवला. "बाई, लेकरांना घरादाराचं काय विचारता? ते कुणी शिकवलंच नाय त्यांना. यंत्रापाशी चला आणि तिथं विचारा."

हेडसर ओरडले, "मावशी!" पण बाई उठल्या होत्या. वर्कशॉपात जाऊन त्यांनी शोभाला बोलावलं आणि लेथच्या एका चाकाकडे बोट दाखवलं. शोभाने नाव सांगितलं. ते कशासाठी, सांगितलं. मग तिने यंत्र सुरू केलं आणि लोखंडाचा दांडा कापता कापता बोलत सुटली. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण पोरगी अडखळत नाही एवढं आईला कळतं. बाई मध्येच काही विचारत, शोभा हातातला दांडा दाखवून उत्तर देई. ही काही पोपटपंची नव्हती. थोड्या वेळाने बघते तर प्राध्यापकबाईंनी पुन्हा पेन उघडलेलं, आणि त्या शोभाचे शब्द लिहून घेत होत्या.

"वीस वर्षं जर्मन शिकवते," त्या सरांना म्हणाल्या, "पण यातले निम्मे शब्द मला माहीत नव्हते."

वर्ग राहिला. फक्त अट घातली की पोरांना विचारपूस करण्यापुरती साधी वाक्यंही शिकवावीत. सर आठवडाभर रुसून होते. म्हणाले, "मी मराठीतसुद्धा कुणाची तब्येत विचारत नाही, मावशी." ते खरंच होतं.

शोभा त्या कारखान्यात लागली. तीस पुरुषांत एकटी. आज तिच्या हाताखाली शिकलेले फिटर नाशिकभर आहेत. हे मी फुशारकीने सांगते, आणि का सांगू नये?

सर निवृत्त झाले. हेडसरांनी दोन वर्षं वाट बघितली आणि जर्मन बंद केली. नवा माणूस मिळेना. या वेळी मी कुणापुढे बोलले नाही. शिकवणाराच नाही तर बोलून काय मागायचं? वर्कशॉपाच्या दारावर रंगाने लिहिलं होतं, 'शनिवार - जर्मन'. हेडसर म्हणाले, "मावशी, तेवढं खरवडून काढा." माझं कामच ते. काढलं. पण रंग जुना होता, लाकडात मुरलेला. उन्हात तिरकं बघितलं तर अजून वाचता यायचं. मी हेडसरांना सांगितलं, निघालं सगळं.