भागरताबाईचा पाय आणि आमचे झिंगरुजी

साकोलीच्या बसस्थानकावर भंडाऱ्याची गाडी लागली होती आणि मी वर्तमानपत्रांचा गठ्ठा उतरवून घेत होतो. कंडक्टर ओळखीचा. गठ्ठा हातात देता देता तो म्हणाला, "झिंगरुजी गेले जी. आज पहाटे." मी गठ्ठा खाली ठेवला आणि विचारत सुटलो. कशानं गेले, जवळ कोण होतं, शेवटी काही बोलले का... कंडक्टर माझ्याकडे बघतच राहिला. "तुमाले दुख झालं का बातमी पायजे?" एवढं म्हणून त्यानं घंटी मारली आणि गाडी निघून गेली. मला दोन्ही होतं, हे त्याला काय सांगणार? जन्मभर दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टी विचारत फिरलो. त्यामुळे दुःख झालं तरी माझ्या तोंडून आधी प्रश्नच बाहेर पडतो. या गोष्टीला आता महिना-सव्वा महिना झाला. प्रश्न अजून संपलेले नाहीत.

झिंगरुजी पुस्तोडे म्हणजे आमचे एका मुदतीपुरते आमदार. सत्तरचं दशक संपता संपता निवडून आले आणि पुढच्या निवडणुकीत उमेदवारही नव्हते. साकोलीपासून आत, जंगलाच्या अंगाला असलेल्या पळसटोलीचे ते धानाचे शेतकरी. उंच, थोडे वाकलेले, चालताना वाटेतला खडा पायानं बाजूला करणारे. त्यांना तिकीट कसं मिळालं, हे माझं पहिलं कोडं होतं आणि त्याचा उलगडा पानठेल्यावर झाला. पक्षातल्या दोन मातब्बरांचं आपसात फाटलं होतं आणि ज्याच्यावर दोघांचाही राग नाही असं एकच नाव सापडलं. निवडून आल्यावर हा माणूस सभागृहात तोंड उघडेना. माझं हमरस्त्यावर सायकलचं दुकान, आणि नागपूरच्या एका दैनिकाला मी बातम्या पाठवायचो, त्याचे अंकही विकायचो. झिंगरुजी मुंबईहून आले की पळसटोलीची बस येईपर्यंत माझ्या दुकानातल्या बाकावर बसत. मी कान टवकारून विचारायचो, "काय झालं जी अधिवेशनात?" ते विचार करून सांगायचे, "तिकडं भात कच्चा देतेत बाबा. दाणा चावा लागते." यातून बातमी काय काढायची, तुम्हीच सांगा. गावात लोक हसायचे, मीही हसायचो आणि ते स्वतः तर सगळ्यांत आधी हसायचे.

त्या काळात भंडाऱ्याहून महिन्याला एक सरकारी जीप आमच्या आतल्या गावांमध्ये यायची. खास म्हाताऱ्या आणि अपंग माणसांसाठी. जीपमध्ये एक डॉक्टर, एक नर्सबाई आणि कुबड्या, पायाला बांधायचे कॅलिपर दुरुस्त करणारा एक मिस्त्री. पळसटोलीत ही मंडळी समाजमंदिराच्या पडवीत बसत. कोणाच्या डोळ्यात औषध घाल, कोणाची कुबडी उंच कर, कोणाची जखम धू, असं दुपारपर्यंत चालायचं. भागरताबाई ही गावातली सगळ्यांत म्हातारी बाई. दोन्ही डोळ्यांनी आंधळी. अंगात साखर, आणि उजव्या पायाला कधी न भरणारी जखम. नर्सबाई दर खेपेला ती जखम धुऊन बांधून द्यायची, कशी बांधायची ते सुनेला शिकवायची, औषध ठेवून जायची. भागरताबाईचा पाय त्या जीपच्या भरवशावर होता म्हटलं तरी चालेल.

मग सरकारला काटकसर आठवली. जिथं गरज नाही तिथं जीप जाऊ नये असं ठरलं, आणि गरज कुठं आहे, म्हणजे काहीच काम होत नाही अशी माणसं कुठं आहेत, हे बघायला एक अधिकारी गावोगाव निघाला. नेमका तो निघाला रोवण्याच्या, भातलावणीच्या दिवसांत. आता पळसटोलीची पद्धत अशी की, रोवणा लागतो त्या दिवशी पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पहिली मूठ गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या हातानं चिखलात लावायची. तो हात लागल्याशिवाय बाकीच्या बाया बांधीत, धानाच्या खाचरात उतरत नाहीत. भागरताबाईला नातवानं खांद्यावर घालून आणलं होतं. पायाला पळसाची पानं आणि वर फडकं बांधलेलं. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर तिला बसवलं, तिच्या हातात पऱ्हे दिले आणि ती वाकून लावायला लागली. अधिकारी नेमका तेव्हाच तिथं येऊन उभा राहिला. त्यानं पोलीस पाटलांना विचारलं, "या बाई काम करतात का?" पाटील अभिमानानं म्हणाले, "करते ना साहेब. तिच्या हाताबिगर आमचा रोवणाच लागत नाही." पुढं दोन्ही पायांनी अधू असलेला डोमा भेटला. त्याच्याबद्दल गाव म्हणालं, डोमाबिगर भजन उभं राहत नाही. असं एकेक करत अख्ख्या गावात बिनकामाचा माणूस एकही निघाला नाही. दिवाळीनंतर जीप यायची बंद झाली.

हा काय प्रकार आहे, हे मला कळेना. मी भंडाऱ्याला जाऊन त्या अधिकाऱ्याला भेटलो. वाटलं होतं, खडूस माणूस असेल. निघाला अगदी सज्जन. त्यानं मला चहा पाजला आणि म्हणाला, "अहो, मी स्वतःचं काही लिहिलं नाही. तुमच्याकडच्या कुठल्याच गावानं आपला म्हातारा निकामी आहे असं सांगितलं नाही. मला तर ऐकून बरं वाटलं होतं." मी परतीच्या बसमध्ये डोकं धरून बसलो. रागवायचं तरी कोणावर? आमच्याकडे समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर 'हा काही कामाचा नाही' असं कोणी म्हणत नाही. तसं म्हणणं म्हणजे त्याला जिवंतपणी तिरडीवर बांधणं. गावानं मान राखला आणि त्या मानापायी जीप गेली.

झिंगरुजी त्या खात्याच्या मंत्र्यांना जाऊन भेटले. मंत्री म्हणाले, तुमच्याच लोकांनी सांगितलंय, आता लोकांनाच पुन्हा वेगळं सांगू द्या, मी फेरतपासणी लावतो. म्हणून झिंगरुजींनी पळसटोलीत बैठक बोलावली. मीही सायकल मारत गेलो, कारण हा मुका माणूस गावाला कसं पटवतो, हे मला बघायचं होतं. त्यांना काही पटवता आलं नाही. पोलीस पाटील म्हणाले, "बुढीच्या तोंडावर आमी असं कसं बोलाचं, तुमीच सांगा." मग झिंगरुजींनी खुद्द भागरताबाईला विचारलं. तोवर तिच्या पायाची बोटं काळी पडायला लागली होती आणि जवळ बसलं की वास यायचा. झिंगरुजी तिच्याशेजारी खाली बसले.

"मावशी, साहेब पुन्ना येईन. तवा सांगजो का मले काई काम होत नाई."

"काहून सांगू?" ती म्हणाली. "होते तं होते म्हणीन."

"पाय जाईन तुया."

"जाईन तं जाईन. पन मी निकामी हावो, असं माया तोंडानं नाई म्हणत. पुढच्या साली तुमी माया हाताले पऱ्हे देसान का मंग?"

मला आठवतं, झिंगरुजी तिच्या पायाकडे नव्हे तर हातांकडे बघत होते. परत निघताना मी विचारलं, "आता काय करता?" ते म्हणाले, "बुढीचं बरोबर हाये बाबा. आपलंच चुकून राहिलं." काय चुकतंय, ते काही सांगितलं नाही. त्या रात्री मला त्यांचा रागच आला होता. एवढ्याशा शब्दासाठी एका बाईचा पाय सडतोय आणि हा माणूस म्हणतो, तिचं बरोबर आहे...

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात जीपच्या खात्याची खर्चाची मागणी चर्चेला आली, तेव्हा मी वरच्या सज्जात बसलो होतो. पास झिंगरुजींनीच काढून दिला होता, पण स्वतः बोलणार आहेत हे सांगितलं नव्हतं. सत्ताधारी बाकांवरचे अगदी मागचे आमदार उठलेले बघून अध्यक्षांनाही नाव आठवायला क्षणभर लागला. झिंगरुजी आमच्याच बोलीत बोलले आणि पहिल्या वाक्याला सभागृहात हशा पिकला. ते म्हणाले, सरकार म्हणते आमचे म्हातारे काम करतेत. बरोबर म्हणते. माझ्या गावात एक आंधळी बाई आहे, तिच्या हाताशिवाय आमचा धान लागत नाही. हशा अजून चालूच होता. मग ते म्हणाले, "तं मले सांगा, जिच्याबिगर गावाचा धान लागत नाई, तिचा पाय सडू द्याचा का? बैलाचा खूर फुटला तं आपन असं म्हणतो का, हा कामाचा हाये, याले औषध कायले पायजे?" हसणं थांबलं. ते पुढं म्हणाले, तुमच्या माणसानं काम करता का, हे विचारावंच कशाला? कुठं दुखते, एवढं विचारावं. आणि जोवर ही कपात मागं घेत नाही, तोवर मी या मागणीला हात वर करणार नाही. एवढं बोलून खाली बसले, आणि शेजारच्यांकडून तंबाखू मागितली. पक्षाचे प्रतोद त्यांच्याकडे धावत गेले, ते मी वरून पाहिलं. झिंगरुजींनी नुसती मान हलवली. मतदानाच्या वेळी त्यांचा हात मांडीवरच होता.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते लपवायचं कारण नाही. बातमी मी जीव ओतून लिहिली आणि ती आतल्या पानावर, धानाच्या भावांच्या खाली आली. पण जीप आली. होळीच्या आसपास, आमच्या भागापुरती का होईना, ती पुन्हा सुरू झाली आणि पथकाला सांगण्यात आलं की, कामाचं विचारू नका, दुखण्याचं विचारा. भागरताबाईची बोटं मात्र त्याआधीच भंडाऱ्याच्या दवाखान्यात काढावी लागली होती. झिंगरुजी स्वतः तिला बैलगाडीतून आणि पुढं बसमधून घेऊन गेले होते. बोटं गेली, पाय राहिला. त्या वर्षी रोवण्याला तिनंच पहिली मूठ लावली. पुढच्या निवडणुकीत पक्षानं झिंगरुजींना विचारलंसुद्धा नाही आणि ते पुन्हा माझ्या दुकानातल्या बाकावर, पण आता माजी आमदार म्हणून, बसची वाट बघायला लागले.

त्यांनी हे का केलं, हा प्रश्न मी त्यांना किती वेळा विचारला असेल, देव जाणे. घरात कोणी अपंग असेल म्हणून चौकशी केली, तर सगळे धडधाकट. कोणाला शब्द दिला असेल म्हणून खोदून पाहिलं, तसंही नाही. मतं मिळतील असा हिशेब म्हणावा, तर होतं ते तिकीटही गेलं. एकदा वैतागून ते म्हणाले, "तू सायकलचं पंक्चर काढतो तवा इचारतो का, काहून काढू म्हणून?" मी म्हटलं, "मला पैसे मिळतात." ते हसले. "मंग माया बी बांधीत रोवणा लागते ना." माझं समाधान झालं नाही. आजही पूर्ण झालेलं नाही. एखादा माणूस जन्मभर गप्प बसतो आणि एकाच दिवशी, एकाच गोष्टीसाठी, हातातलं सगळं सोडून उभा राहतो. तो दिवस त्याला ओळखू कसा येतो, हे मला अजून कळलेलं नाही.

मागच्या आठवड्यात मी पळसटोलीला काकूंना भेटायला गेलो. काकू म्हणजे झिंगरुजींच्या पत्नी. माझी प्रश्नांची पिशवी सोबत होतीच. काकूंनी सांगितलं की शेवटची दोन-तीन वर्षं त्यांचे गुडघे गेले होते, पण जीपवाल्यांनी विचारलं की म्हणायचे, आपन मस्त हावो, त्या डोमाले पाहा आधी. सभागृहात एवढं बोललेला माणूस पडवीत बसून धडधडीत खोटं बोलायचा. काकू हे सांगताना हसत होत्या, मधेच थांबत होत्या... आम्ही बोलत असतानाच बाहेर जीप थांबली. आता नर्सबाई नवीन आहे, तरुण मुलगी, वरठीकडची. भागरताबाई तिनं पाहिलेली नाही. झिंगरुजींचं ते भाषण तिच्या कानावर गेलं असण्याचं काहीच कारण नव्हतं. ती आत आली, आमदारसाहेबांचं ऐकलं म्हणाली आणि पिशवी उघडून काकूंच्या समोर जमिनीवर बसली.

"काकू, कुठं दुखते?"

"मले काय होते व बाई," काकू म्हणाल्या. "दोन टायमाचा सैपाक करतो, आंगन सारवतो. मी चांगली हावो."

मुलगी उठली नाही. ओंजळ पुढं करून तशीच बसून राहिली. काकू खिडकीकडे बघत होत्या, मी दारातल्या माझ्या चपलांकडे. शेवटी काकूंनी लुगड्याचा काठ थोडा वर घेतला आणि सुजलेलं पाऊल हळूच तिच्या हातात दिलं.