राखेचा बाक

चिनीमातीचे आधीचे दोन बाक भट्टीत तडकले. तिसऱ्याच्या मातीत मी आमच्या गावाशेजारच्या वीजकेंद्राची राख मिसळली आणि तो शाबूत निघाला. शहरातल्या प्रदर्शनात जो तो त्याच्या करड्या रंगावरून हात फिरवायचा, "क्या बात है" म्हणायचा.

गावाहून बाबा बघायला आले. आमच्या गावात ही राख उडून सगळ्यावर बसते; खाटेवरसुद्धा पुसल्याशिवाय कुणी बसत नाही. त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं बाक पुसला, दुपट्टा पाहिला, पुन्हा पुसला. करडेपणा जाईना.

"काय पुसून राहिले बाबा? राखेचाच हाये तो!" मी वैतागले.

ते खाली फरशीवर बसले. खोकल्याची उबळ ओसरल्यावर म्हणाले, "सारी जिंदगी हे झटकण्यात गेली. तू काहून याले कायमचं करून ठेवलं वं?"