मापाचा ब्लाउज

"आडनाव काय गं तुझं?"

मी टेप हातात घेऊन उभी होते. मी आडनाव सांगितलं. बाईंनी वर केलेले हात खाली घेतले. पिशवीतून एक जुना ब्लाउज काढला, टेबलाच्या कडेला ठेवला. "मला जरा घाई आहे. यावरून घे माप."

घाई. पाच मिनिटांपूर्वी याच बाईंनी वर्गातल्या माझ्या शेजारणीला छाती, कंबर, मुंढा, सगळं मोजू दिलं होतं. वर तिच्याशी गप्पाही मारल्या होत्या.

धायरीतला एका संस्थेचा तो फुकट शिवणवर्ग, सहा महिन्यांचा. परीक्षा म्हणजे खऱ्या बाईचा ब्लाउज शिवायचा. तो अंगाला बसला तर प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असेल तरच कपड्यांच्या कारखान्यात काम. परीक्षेसाठी संस्थेच्या ओळखीच्या काही बायका पेठेतून आल्या होत्या. आम्हा दोघींच्या वाट्याला या एकच बाई, दोन कापडं घेऊन.

माझी आई वाशीमकडून पुण्यात आली ती बांधकामावर विटा वाहायला. ती म्हणायची, "हाताले काम आलं का जात कोणी इचारत नाही, पोरी." तिच्या त्या वाक्याच्या भरवशावर मी शिवण शिकले.

जुना ब्लाउज मोजला. चौतीस. शेजारणीच्या वहीत त्याच बाईंची छाती सदतीस. मी ते आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमना दाखवलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, मापाचा ब्लाउज पुष्कळ जणी देतात. मनाला लावून घेऊ नकोस. दिलाय त्यावरूनच शिव. वहीतलं घेतलंस तर त्या विचारतील, माप कुठून आणलंस."

बसणार नाही हे माहीत असलेला ब्लाउज मी शिवला. फक्त आतून भरपूर माया सोडली, म्हणजे शिवणीत जादा कापड. उसवलं की सैल व्हावा म्हणून.

आठ दिवसांनी बाई आल्या. शेजारणीचा ब्लाउज छान बसला. माझ्या ब्लाउजचे हुक लागेचनात. पडद्याआडून बाहेर येऊन त्यांनी तो सगळ्या वर्गासमोर टेबलावर टाकला.

"आरक्षणातून कात्री मिळाली की असं शिवतात वाटतं."

दोघीतिघी हसल्या. शेजारीण खाली बघत राहिली. तिच्या वहीत सदतीस लिहिलेलं होतं.

"आतून माया आहे. दहा मिनिटांत सैल करते. एकदा अंगावर बघावं लागेल फक्त," मी म्हणाले. आवाज चिरकला. त्याची लाज अजून वाटते.

"राहू दे."

मॅडमनी मला कोपऱ्यात घेतलं. "माप चुकलं म्हण, सॉरी म्हण. मी सही करते." त्या वाईट नव्हत्या. त्यांना सगळं माहीत होतं आणि नोकरीही टिकवायची होती. माझ्याकडे तरी दुसरं काय होतं? आईने सकाळीच पेढे आणून ठेवले होते.

मी बाईंसमोर गेले. तोंड उघडलं ते सॉरी म्हणायलाच.

"माप चुकलं नाही. तुम्ही मला माप दिलंच नाही."

"फुकट शिकवलं की ताठा येतो," म्हणाल्या आणि चप्पल घालून निघून गेल्या.

प्रमाणपत्र मिळालं नाही. शेजारीण कारखान्यात लागली. आईला मी नापास झाले एवढंच सांगितलं. खरं सांगायची हिंमत झाली नाही.

आता धायरीतच एका खोलीत मी ब्लाउज शिवते आणि पाच मुलींना शिवण शिकवते. पहिल्या दिवशी त्या एकमेकींची मापं घेतात. आईचं ते वाक्य मी त्यांना सांगत नाही. अजूनही गिऱ्हाईक पिशवीतून जुना ब्लाउज काढतं. एखादीला खरंच घाई असते, एखादी बाहेर माझं आडनाव विचारून आलेली असते. कोण कुठली, मला आजही ओळखता येत नाही. मुली बघत असतात. मी टेप उचलते.

"अंगावरून माप देणार असाल तर शिवू. नाहीतर तो ब्लाउज परत पिशवीत ठेवा."

बऱ्याच जणी ठेवतात आणि जातात. जाऊ देत. या खोलीत मापाचा ब्लाउज घेतला जाणार नाही.