भिंतीवर चढलेला उंबरठा

अर्धांगवायूनंतर माझी आई देवीवर रुसली. डोणगावातलं देऊळ घरापासून हाकेच्या अंतरावर, पण ही पाठ फिरवून बसायची. चाकाच्या खुर्चीवरून नेते म्हटलं, की एकच उत्तर, "उंबरठ्याले हात लावल्याबिगर मी कधी आत गेली नाही. आता वाकनं होत नाही. तिनंच दार लावलं मले." खरं सांगायचं तर माझीही श्रद्धा डळमळली होती. माणसाला उठवून उभं करणं जमत नसेल, तर देवीपुढे हात जोडायचे कशाला?

आमचं देऊळही जगावेगळं. कळस नाही, रंगरंगोटी नाही, नुसतं राखाडी काँक्रीट. जिल्ह्यातल्याच एका वास्तुकारानं ते घडवलं. शेजारचं वाचनालयही त्याचंच. पायऱ्यांऐवजी त्यानं उतार ठेवला, तेव्हा लोक म्हणाले, "देवीच्या भेटीले बैलबंडी न्याची हाय का?" काळ्या दगडाचा उंबरठा तर फरशीच्या पातळीत, आणि दोन्ही टोकांना भिंतीवर कमरेएवढा चढलेला. गवंडी चुकला, असं सगळे धरून चालले. मला मात्र लहानपणापासून ते कोडं वाटायचं. वास्तुकार वारला आणि विचारायचं राहूनच गेलं.

नवरात्रात एका सकाळी आई आपणहून म्हणाली, "चाल, बाहेरूनच पाहू." उतारावरून खुर्ची सहज वर गेली. दाराशी ती वाकू लागली, पण बोटं अधांतरीच राहिली.

"लावू का मी तुह्या नावानं?"

"नको. माहं मीच करीन." तिचे डोळे भरून आले. "चाल घरी."

झालं, आता ही पुन्हा यायची नाही, असं मला वाटलं. खुर्ची वळवली, तशी ती भिंतीला घासून गेली. आधारासाठी आईनं धड असलेला हात टेकला, तो नेमका त्या काळ्या दगडावर. तिनं तो खालपासून वरपर्यंत पाहिला, चाचपला.

"बाई, हा तं उंबरठाच हाय!" हात कपाळाला लावून ती म्हणाली, "ने आत."

त्यानंतर वाचनालयात गेले आणि प्रथमच लक्षात आलं, तिथल्या खिडक्याही बसलेल्या माणसाच्या नजरेला पुरतील इतक्या खाली आहेत. म्हणजे त्या वास्तुकारानं उंबरठाही मुद्दाम तसा केला होता का? की खरंच गवंडी चुकला? कुणास ठाऊक. आईचे पाय काही परत आले नाहीत. मी देवीकडे तेवढेच मागत राहिले, आणि तिनं माझ्या जन्माआधीच कुणाच्या तरी हातून उंबरठा वर उचलून ठेवला होता. आता मी काही मागत नाही. आईची खुर्ची दाराशी थांबवते आणि तिचा उंबरठ्याला हात लावून होईपर्यंत उभी राहते.