पावडरीच्या पोत्यावर

आमच्या यात्रेच्या आदल्या दिवशी मी पाण्याच्या टाकीखाली ब्लीचिंग पावडरीच्या पोत्यावर जाऊन बसलो, आणि उठलोच नाही!

यात्रेला पाहुणे येतात म्हणून टाकीत दुप्पट पावडर टाकायची आमच्या गावची रीत. नाकाला वास झोंबला की पाणी चोख, असं सगळं गाव मानतं. पण सांगलीला शिकणारी माझी नात म्हणाली होती, "आज्जा, पावडर पाहिजेच, तिनं जंतू मरतात. पण टाकीत शेवाळ, कुजका पाला असला तर त्याच्याशी मिळून ती दुसरंच विष तयार करते. वर्षानुवर्षं पोटात गेलं तर कॅन्सरची भीती."

पाणी सोडणारा गडी बादली घेऊन ताटकळला. "आवं आज्जा, उठा की! चौथी शिकलेल्या माणसाला काय कळतंय त्यातलं?"

"चौथी न्हाई, तिसरी. आदी टाकी धू, मग पावडर घे."

सरपंच समजावून गेले. ऊन डोक्यावर आलं. शेवटी गडी चिडून टाकीवर चढला, झाकण उघडलं आणि वरूनच ओरडला, "आयला! लिंबाचा पाला कुजून लय गाळ झालाय की!"

मग काय! टाकीतलं पाणी सोडून दिलं, पोरं खराटे घेऊन आत उतरली. काळा गाळ भसाभस बाहेर पडायला लागला तसा मला असा चेव आला, की पोत्यावर बसूनच मी आरोळ्या ठोकल्या. टाकी नव्यानं भरली तेव्हाच उठलो, आणि नेहमीएवढीच पावडर दिली.

यात्रेत जावयानं पाणी पिऊन विचारलं, "मामा, औंदा पावडर टाकली न्हाई व्हय? वास झोंबंना."

मी मिशीवर हात फिरवला. "टाकलीया. घ्या अजून एक तांब्या!"