माझं अर्ध्या दिवसाचं मौन

चहा घ्या आधी, मग ऐका. ही फजिती माझी मीच ओढवून घेतली, आणि तीही तोंड न उघडता. मी तोंड न उघडता! बसला ना धक्का?

मी अड्याळला अंगणवाडीसेविका आहे. मला बोलायला फार लागतं, एवढीच काय ती माझी खोड. पण दोन वर्षांपूर्वी मोबाईलवर ते ‘स्वतःला बदला’वाले व्हिडिओ लागले आणि मला कळलं, की माझं सगळंच दुरुस्तीला आलंय. पहाटे चारला उठून पाहिलं. अंगणवाडीत पोरांच्या आधी मीच पेंगायची. कारल्याचा रस केला, तो ह्यांनाही पाजला. राग आवरायला शंभरपासून उलटे आकडे मोजले, तर मोजणं चुकायचं आणि त्याचाच राग यायचा.

शेवटी व्हिडिओतली एक बाई म्हणाली, तुमची सगळी ताकद बोलण्यात वाया जाते, एक दिवस मौन पाळा. पण कोणाला सांगू नका, सांगितलं की फळ जातं.

रविवारी सकाळी सहाला मी तोंड मिटलं.

आमचे हे शेतकरी माणूस, दिवसाला मोजून दहा शब्द बोलणारे. मी मुकाट्यानं चहा हातात दिला, तर त्यांनी आधी चहाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांना वाटलं, मी रागावले. आणि कोणी न विचारता सकाळभर ते एकेक गुन्हा कबूल करत राहिले. मिक्सरचं भांडं मांजरीनं नाही, त्यांनीच फोडलं होतं. माझी पितळेची परात त्यांच्या बहिणीकडं एकोडीला गेली होती. ती परात मी तीन वर्षं शोधत होते हो! तरी बोलले नाही. उलट त्यांचा तो चेहरा पाहून हसू यायला लागलं. ते दाबायला मी ओठ एका बाजूला ओढून धरले.

नेमक्या तेव्हाच शेजारच्या बेबीबाई वाटी घेऊन विरजण मागायला आल्या. माझं तोंड पाहिलं आणि वाटी तिथंच खाली ठेवली.

“भाऊजी, वहिनीचं तोंड वाकडं झालं. लकवा मारला वाट्टे.”

झालं. मी हातानं ‘काही नाही’ म्हणायला गेले, तर बेबीबाईंना हातही थरथरताना दिसला. कागद-पेन आणायला उठले, तर बेबीबाईंचा आवाज ऐकून जमलेल्या चार बायांनी धरून खाली बसवलं. तुम्ही म्हणाल, मग बोलायचं ना सरळ! अहो, अकरा वाजले होते. पाच तास झाले होते मौनाचे. जन्मात एवढी चूप मी झोपेतही राहिले नाही. ते पाच तास पाण्यात घालू?

ऑटो आला. एका बाजूला हे, एका बाजूला बेबीबाई, मध्ये मी, अशी भंडाऱ्याच्या दवाखान्याकडं निघाले. ह्यांनी माझा हात धरला होता. तो घामानं पार ओला झालेला. थोड्या वेळानं हळूच म्हणाले,

“बोल ना वं. शिव्या दे, पण बोल. सकाळपासून मले आपलंच घर परक्याचं वाटून राहिलं.”

लग्नाला बावीस वर्षं झाली, एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. माझे डोळे भरून आले आणि तोंड उघडलं.

“मले माही परात वापस पाह्यजे,” मी म्हणाले.

बेबीबाईंना रडूच फुटलं. मग मी सगळं सांगून टाकलं. हे रागावले नाहीत, पण डॉक्टरला दाखवल्याशिवाय ऑटो मागे फिरू देईनात. डॉक्टरांनाही मी पहिल्यापासून सांगितलं, कारल्याच्या रसासकट. बीपी मोजताना त्यांनी दोनदा गप्प राहायला सांगितलं. शेवटी हात जोडले त्यांनी. म्हणाले, “बाई, हा आजार नाही, स्वभाव आहे. याचं औषध नाही माझ्याकडे.”

परतताना मी ह्यांना सांगितलं, की आता दुरुस्ती बंद, मी आहे तशीच बरी. का बरी, तेही सविस्तर सांगितलं. अर्ध्या वाटेत पाहते तर हे ऑटोच्या दांडीला डोकं टेकवून गाढ झोपलेले. मला वाईट वाटलं. किती बडबडतो आपण! मी थांबले.

ऑटोवाल्यानं आरशातून पाहिलं.

“बोलत राहा काकू,” तो म्हणाला. “तुम्ही चूप झाल्या का काका दचकून उठतेत.”