सायलेन्सरवरचा पेला

आमच्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरवर आईच्या लग्नातला स्टीलचा पेला उपडा घातलेला असायचा आणि तो पितळी साखळीने बॉनेटला बांधलेला असायचा. श्रीपूरच्या कारखान्यावर ऊस घेऊन येणारे ट्रॅक्टर गोंडे, आरसे, रिबिनी लावून नवरदेवासारखे नटलेले असतात. पेला मात्र एकट्या आमच्याच ट्रॅक्टरवर. शाळेत असताना मला त्याची लाज वाटायची, हे आधीच कबूल करून टाकते.

सायलेन्सरचं तोंड आभाळाकडे, म्हणून पावसाचं पाणी आत जाऊ नये यासाठी त्याच्यावर एखादा डबा उपडा घालतात. ट्रॅक्टर सुरू करण्याआधी तो काढायचा, एवढं साधं काम. पण अण्णा, म्हणजे माझे वडील, ते विसरायचे. इंजिन सुरू झालं की धुराच्या दणक्याने डबा उडायचा आणि शेजारच्या उसात जाऊन पडायचा. तीन डबे असे गेले. मग आईचं डोकं फिरलं. तिने रुखवतातला, तिचं नाव कोरलेला पेला काढला, खिळ्याने त्याच्या काठाला भोक पाडलं आणि त्यातून साखळी ओवून बॉनेटला अडकवली. "आता हरवून दावा," म्हणाली.

ती साखळी आमच्या शेवटच्या बैलाच्या गळ्यातली. आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याचं दावं विकत नाहीत. घेणारा आपलं नवं दावं घेऊन येतो, जुनं गोठ्यातच राहतं. दावं गेलं की घराची बरकत गेली, असं मानतात. ट्रॅक्टर आला तेव्हा बैलजोडी गेली, दावी खुंटीला राहिली आणि त्यातली ही पितळी साखळी पेल्याच्या कामी आली.

तेव्हापासून आमची सकाळ ठरलेली. इंजिन धडधडायचं, पेला उडायचा, साखळीला हिसका बसून बॉनेटवर टण्‌कन आपटायचा. स्वयंपाकघरातून आई विचारायची, "इसरला न्हवं आजबी?"

"इसरलो की," अण्णा ओरडून सांगायचे.

मग आई पिठाच्या हातांनी भाकरीचं फडकं घेऊन बाहेर जायची, पेला पुसायची, चार शब्द सुनावायची आणि परत यायची. संध्याकाळपर्यंत साखळी धुराने काळी व्हायची. आई ती चिंच लावून घासायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा काळी. मला दोघांचाही राग यायचा. लग्न होऊन सोलापुरात शाळेवर लागले तरी सुट्टीला गेले की तेच. एकदा मी पुठ्ठ्यावर "पेला काढा" असं लिहून स्टिअरिंगला बांधलं, मास्तरीणच ना मी. अण्णांनी तो पुठ्ठा बसायला घेतला.

गेल्या वर्षी अण्णांना लकवा मारला. डावा हात गेला, जीभ जड झाली. बोलणाऱ्या माणसाला शब्द शोधावे लागू लागले आणि दोन शब्दांनंतर ते चिडून गप्प बसायचे. रोज सकाळी अंगणात जाऊन ट्रॅक्टरसमोर खुर्चीत बसायचे, बस्स. मी एकुलती एक मुलगी. ट्रॅक्टर उभ्या उभ्या गंजतोय आणि त्याच्याकडे बघून अण्णाही, असं मला वाटायला लागलं. विकला तर ते आणखी खचतील ही भीती होतीच. तरी मी ठरवलं, आई "बघ बाई" म्हणाली आणि अण्णांनी मान हलवली.

सांगोल्याकडचा एक डाळिंबवाला तयार झाला. फोनवर मी मुरलेल्या दलालासारखी म्हणाले, "आहे तसा, सगळ्यासकट घेऊन जा." तो आला, त्याने ट्रॅक्टरला नारळ फोडला, आईने कुंकू लावलं. ट्रॅक्टर फाटकातून बाहेर पडला तेव्हा अण्णा खुर्चीतून अर्धवट उठले आणि उजवा हात वर करून हलवायला लागले. मला वाटलं, निरोप देतायत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मीही हात हलवला.

ट्रॅक्टर दिसेनासा झाल्यावर आई हळूच म्हणाली, "दावं गेलं."

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की अण्णा निरोप देत नव्हते, थांबवत होते. बैलाच्या दाव्याची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली मी, लोखंडाला दावं असतं हे मला सुचलंच नाही. शहाणपणा केला तो असा.

अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी अंगणातही गेले नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आईने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, त्यामुळे जास्तच लागलं. तिसऱ्या दिवशी दोन एसट्या बदलून मी सांगोल्याला गेले. वाटभर एकच धास्ती, की त्याने साखळी भंगारात घातली असेल.

डाळिंबवाल्याने मला चहा दिला आणि आत जाऊन देव्हाऱ्याजवळून नॅपकिनमध्ये बांधलेलं गाठोडं आणलं. साखळी आणि पेला दोन्ही.

"तुमी म्हनला सगळ्यासकट. शिकलेली मानसं, मानत नसतील म्हनलं," तो म्हणाला. "पर दुसऱ्याच्या घरचं दावं आमी कसं वापरावं, ताई? त्याच दिवशी सोडून ठिवलं. छाटनी झाली की घिऊन येनारच व्हतो."

त्याने ट्रॅक्टरला आपली नवी साखळी लावली होती. मला त्या अनोळखी माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

घरी परतले. अंगणात जुन्या मांडवाचा छातीएवढ्या उंचीचा लोखंडी पाइप उभा होता, त्याला मी साखळी बांधली. पाइपाच्या तोंडावर पेला उपडा घातला. अण्णांनी खिडकीतून पाहिलं.

सकाळी मला जाग आली ती "टण्" अशा आवाजाने. धावत ओसरीवर आले. अण्णा पाइपापाशी उभे होते आणि पेला साखळीला लोंबकळत होता.

स्वयंपाकघरात भाकरी थापण्याचा आवाज थांबला. मग आईचा आवाज आला, "इसरला न्हवं आजबी?"

अण्णांनी तोंड वाकडं करून शब्द गोळा केले. "इस... रलो की."

मी आत गेले. आईचे डोळे वाहत होते आणि हात पिठाचे, म्हणून पुसता येत नव्हते. मी पदराने पुसले.

"आई, अण्णा मुद्दाम करायचे? एवढी वर्षं?"

"तुला आत्ता कळलं व्हय?" ती म्हणाली. "सगळ्या गावाच्या उसाच्या खेपा तोंडपाठ असनारा मानूस, पेला इसरंल व्हय?"

"मग तू रोज का विचारायचीस?"

तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"न्हाय इचारलं, तर त्यो कुनासाटी पाडंल?"

आणि ती पिठाच्या हातांनीच बाहेर गेली, पेला पुन्हा पाइपावर घालायला. मी भाकरी उलटली.